सालदार, जीनमधील मजूर आणि मालकाचे कर्तव्य : यवतमाळ जिल्ह्याच्या इतिहासातील एक प्रकरण

चाकरीस ठेवलेल्या माणसांशी मालकाने कसे वागावे, त्यांना वेतन कोणत्या रीतीने द्यावे, आजारपणात आणि अडचणीत त्यांना कसा आधार द्यावा, यासंबंधीचे मार्गदर्शन हा विषय आता व्यवस्थापनशास्त्राच्या कक्षेत मोडतो. त्या शास्त्रावरील ग्रंथ बहुधा मोठा, बारमाही चालणारा आणि लेखी कारभार असलेला कारखाना गृहीत धरून लिहिलेले असतात. यवतमाळ जिल्ह्याच्या इतिहासाकडे पाहू लागले म्हणजे हे गृहीत किती तोकडे आहे ते कळते. येथील मालक म्हणजे प्रामुख्याने कास्तकार, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्याच्या जोडीला जीनवाला. पहिल्याजवळ नियम होते, पण ते रूढीचे. दुसऱ्यासाठी सरकारने कायदे केले, पण त्या कायद्यांच्या व्याख्यांतून त्याला निसटता येई. मालकाच्या कर्तव्याचे नियम या जिल्ह्यात कसे आले आणि ते येताना कोणता श्रमिक त्यांच्या बाहेर राहिला, एवढ्याच प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम प्रदेशाविषयी दोन शब्द. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले, आणि १९०२ साली ते कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडे राहिले. वणी या नावाने ओळखला जाणारा जिल्हा १९०५ च्या पुनर्रचनेत यवतमाळ जिल्हा झाला व मोडलेल्या वाशीम जिल्ह्यातील पुसद तालुका त्यास जोडण्यात आला. वऱ्हाड हा कायद्याच्या दृष्टीने निजामाचाच मुलूख असल्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानात झालेले कायदे येथे आपोआप लागू होत नसत. ते स्वतंत्र हुकमाने लागू करावे लागत. ही बाब वरवर तांत्रिक वाटते, परंतु वऱ्हाडातील श्रमिकाचा इतिहास लिहिताना ती विसरून चालत नाही.

जिल्ह्यातील नोकरीचा सर्वांत जुना व सर्वांत व्यापक प्रकार म्हणजे सालदारी. गुढीपाडव्याला किंवा अक्षय्य तृतीयेला गडी ‘साल धरीत’ असे. करार तोंडी, पण चारचौघांसमक्ष. त्यात वर्षाची रक्कम, कुडवाच्या मापाने ज्वारी, धोतरजोडी, वहाणा, क्वचित घोंगडी, आणि आरंभीच दिली जाणारी उचल या गोष्टी ठरत. कामाची यादी मात्र कधीच ठरत नसे, कारण ती ठरविता येण्यासारखी नव्हती. वखरणी, पेरणी, डवरणी ही शेताची कामे तर होतीच. शिवाय कोठ्यातील जनावरांचे शेणपाणी, रात्रीची जागल, मालकाच्या घरच्या लग्नकार्यात पाणी भरणे, बाजाराला गाडी जुंपणे हेही सालात अध्याहृत असे. गडी एकटा साल धरीत असला तरी पुष्कळदा त्याच्या घरच्या बाईचे श्रमही त्यात न बोलता गृहीत धरले जात. वेळेची मर्यादा सूर्याने घातलेली, आणि कित्येकदा तीही नाही.

या पद्धतीस निव्वळ गुलामगिरी म्हणून मोडीत काढणारे, आणि तिच्यात केवळ जिव्हाळा पाहणारे, असे दोन पक्ष आपल्याकडे आहेत. माझ्या मते दोघेही तिचे अंतरंग नीट पाहत नाहीत. सालदारीत मालकाची कर्तव्ये होती, आणि ती गावाच्या डोळ्यांसमोर पार पाडावी लागत. पोळ्याच्या दिवशी बैलजोडी सजवून गडी ती दारोदार नेई आणि त्याला ‘बोजारा’ मिळे. ज्या घरचा गडी त्या दिवशी जुन्या कपड्यांत दिसला त्या घराची चर्चा गावभर होत असे. कापसाच्या वेचणीच्या आरंभी शेतात सीतादही व्हावयाचे, त्यात वेचणाऱ्या बायकांचा वाटा असे. अशा प्रसंगांनी मालकाच्या हातावर एक सामाजिक लगाम राहत असे. कोणत्याही निरीक्षकापेक्षा हा लगाम स्वस्त होता, आणि काही बाबतींत अधिक परिणामकारकही होता.

पण लगाम कोठे सैल होता हे पाहिले म्हणजे दुसरी बाजू दिसते. गडी कामावर न आला तर त्या दिवसाचा ‘खाडा’ पडे, आणि खाडा कोणत्या कारणाने पडला याला किंमत नसे. ताप आला तरी खाडाच. बहुधा भाऊ किंवा मुलगा बदली देऊन तो भरून काढावा लागे. वर्षाअखेरीस हिशेब होई तेव्हा उचल, मधल्या अडचणीत घेतलेली ज्वारी आणि खाडे वजा जाऊन पुष्कळांच्या हाती काही उरत नसे, उलट बाकी निघे. आणि बाकी निघाली म्हणजे पुढचे साल त्याच घरी धरावे लागे. हिशेब मालकाच्या वहीत, आणि गड्याला अक्षरओळख नाही. गडी अस्पृश्य मानलेल्या जातीचा असला तर जेवण वेगळे, पाणी वेगळे, बसण्याची जागाही वेगळी. सण साजरा होई, पण हिशेब तपासला जात नसे, हे या पद्धतीचे मर्म आहे.

उचल घेऊन काम न करणाऱ्या मजुराबाबत सरकारची दृष्टी काय होती हे येथे सांगितले पाहिजे. १८५९ चा तेरावा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानात झाला तो उचल घेतलेल्या कारागिराला व मजुराला काम करावयास लावण्यासाठी; न केल्यास शिक्षेची तरतूद होती. मालकाने कबूल केलेले दिले नाही तर त्याच्यासाठी तशी फौजदारी शिक्षा नव्हती. हा कायदा १९२५ साली रद्द करण्याचे ठरले. नोकराच्या करारभंगास गुन्हा मानणारा कायदा सहासष्ट वर्षे टिकला, आणि कर्जाच्या पोटी राबविणे हाच गुन्हा ठरविणारा कायदा १९७५ च्या वटहुकमाने व १९७६ च्या अधिनियमाने आला. या दोन तारखांतील अंतर पुरेसे बोलके आहे.

आता कापसाकडे वळू. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडच्या कापसाची गरज भासली, आणि पुढे आगगाडीच्या फाट्यांबरोबर जीन व प्रेस यांची धुराडी वऱ्हाडात उभी राहू लागली. यवतमाळपर्यंत मूर्तिजापूरहून दारव्ह्यामार्गे आलेली अरुंद रुळांची गाडी विसाव्या शतकाच्या आरंभीची. तिच्या आगमनाने यवतमाळ, दारव्हा, दिग्रस या बाजारपेठांतील कापूस जलद बाहेर जाऊ लागला.

कापसाच्या मागोमाग नियम आले, पण ते कोणाविषयी होते हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. १८९७ चा वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजाराचा कायदा हा हिंदुस्थानातील बाजार-नियंत्रणाचा आद्य कायदा मानला जातो. बाजाराची जागा, तेथील वजनमाप, अडत्ये व मापारी यांचे व्यवहार त्याने बांधून दिले. पुढे १९२५ साली जिनिंग व प्रेसिंग कारखान्यांचा स्वतंत्र कायदा झाला. त्याने मालकावर बंधन घातले की, कापूस कोणाचा त्याची नोंदवही ठेवावी, प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण व अनुक्रमांक उमटवावा, आणि कारखान्याची बांधणी अशी असावी की कापूस आत जाण्याची व रुई बाहेर येण्याची वाट एक होऊ नये. भेसळ टळावी हा हेतू. हेतू योग्यच होता. मात्र प्रत्येक गाठीचा क्रमांक सांगू शकणाऱ्या जीनमध्ये त्या गाठीमागे कोणत्या बायका किती तास उभ्या होत्या हे पुष्कळदा मालकालाही सांगता आले नसते, कारण त्यांची नावे त्याच्या नव्हे, तर ठेकेदाराच्या वहीत असत.

जीनमधील काम कसे चाले? लांबट दालनात चरख्यांच्या रांगा, प्रत्येक चरख्यावर एक बाई, ती हाताने कापूस चरख्यात सोडीत राही. रुई एका बाजूस पडे, सरकी खाली जाळीतून. सर्व चरखे एका लांब फिरत्या दांड्यावर पट्ट्यांनी जोडलेले. लुगड्याचा पदर किंवा केस त्या पट्ट्यांत सापडणे हा नेहमीचा अपघात. हवेत रुईचा बारीक तंतू सदैव तरंगत असे, आणि ठिणगी पडली तर दालन पेटण्यास वेळ लागत नसे. प्रेसमध्ये पुरुष मजूर कामाच्या मोलाने काम करीत. तोही ठेका जमादाराचा. हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चाले, आणि ऐन भरात रात्रपाळी लागे.

या जीनना कारखाना म्हणावयाचे की नाही, हाच प्रथम वाद. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने कारखान्याची व्याख्या केली ती यांत्रिक शक्तीवर चालणारा, शंभर किंवा अधिक माणसे असलेला, आणि वर्षात चार महिन्यांहून अधिक काळ चालणारा, अशी. हंगामी जीन या व्याख्येतून सहज बाहेर पडत. मुंबई सरकारने १८८४ मध्ये नेमलेल्या मंडळापुढे शेजारच्या खानदेशातील जीनविषयी जी साक्ष झाली ती वाचून अंगावर काटा येतो. बायका पहाटे चार-पाचला कामावर येऊन रात्री आठ-नऊपर्यंत उभ्या असत, आणि कापसाची गर्दी झाली म्हणजे आठ-आठ दिवस रात्रंदिवस काम चाले, असे जीनच्या व्यवस्थापकानेच सांगितले. वऱ्हाडातील जीन यंत्रांनी, हंगामाने आणि कामाच्या रीतीने खानदेशच्या जीनांची भावंडेच होती.

१८९१ च्या दुरुस्तीने माणसांची मर्यादा पन्नासवर आली, स्त्रियांचे काम अकरा तासांवर आणले गेले आणि आठवड्याची सुट्टी मान्य झाली. या सुट्टीसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत चालविलेली चळवळ प्रसिद्ध आहे. पण गिरणगावात जे मिळाले ते जीनमध्ये मिळाले नाही. १९०७ साली नेमलेल्या, मॉरिसन यांच्या अध्यक्षतेखालील मंडळाने देशभर फिरून १९०८ मध्ये अहवाल दिला. त्यात जीनमधील स्त्रिया हंगामात सतरा-अठरा तासही राबतात, आणि अकरा तासांचा नियम तेथे कागदावरच आहे, असे आढळले. यावर १९११ च्या कायद्याने उपाय काय केला? चार महिन्यांहून कमी काळ चालणारे हंगामी कारखाने त्याने कक्षेत घेतले, ही जमेची बाजू. परंतु स्त्रियांच्या रात्रीच्या कामास बंदी करताना जीन व प्रेस यांना त्यातून मोकळे सोडले. ज्या ठिकाणी दुखणे सर्वांत मोठे, तेथेच सवलत! १९२२ च्या कायद्याने ती सवलत संपली. वॉशिंग्टन येथे १९१९ मध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेचा तो परिणाम होता; जिल्ह्यातील मालकवर्गास उपरती झाली म्हणून नव्हे.

१९३४ च्या कायद्याने मर्यादा आणखी आवळल्या. तरीही ‘बारमाही’ व ‘हंगामी’ असा भेद त्याने मुद्दाम केला. बारमाही कारखान्यात आठवड्याचे चोपन्न तास, हंगामी कारखान्यात साठ. कापसाचे जिनिंग व प्रेसिंग हे हंगामी धंद्यांच्या यादीत अग्रभागी होते. १९३६ च्या वेतन कायद्याने मात्र एक मूलभूत गोष्ट केली. पगार ठरलेल्या मुदतीत आणि रोख द्यावा, दंड रुपयामागे अर्ध्या आण्यापेक्षा अधिक करू नये, आणि कोणत्या चुकीस दंड होतो ते आधी लावून ठेवावे, असे बंधन मालकावर आले. खाड्याचा हिशेब एकट्या मालकाच्या वहीत राहण्याच्या रूढीला दिलेले हे पहिले स्पष्ट उत्तर म्हणावयास हरकत नाही. ते उत्तर जीनच्या फाटकाशी थांबले. शेताच्या बांधापर्यंत गेले नाही.

याच सुमारास ‘मजूर अधिकारी’ ही नवी कल्पना आली. व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालील शाही आयोगाने १९३१ च्या अहवालात असे सुचविले की, मजूर भरती करण्याचा व काढून टाकण्याचा अधिकार जॉबरच्या हाती असू नये. त्यासाठी कारखान्याने स्वतंत्र अधिकारी नेमावा आणि मजुरांच्या तक्रारी त्याने ऐकाव्यात. आज ज्याला मनुष्यबळ विभाग म्हणतात त्याचे हिंदुस्थानातील एक मूळ येथे सापडते. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले. पाचशे! शंभर-दीडशे माणसांच्या जीनला हा आकडा कधी लागू होणार? जमादाराची जागा घेणारा अधिकारी कायद्याच्या पुस्तकात आला, आणि जीनमध्ये मात्र जमादारच राहिला.

येथे १९४८ च्या कायद्याला न्याय दिला पाहिजे. हंगामी व बारमाही हा भेद त्याने काढून टाकला. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास, जादा कामास दुप्पट मोबदला, पन्नासहून अधिक स्त्रिया असतील तेथे पाळणाघर, चालत्या यंत्राची सफाई स्त्रियांकडून करवून घेण्यास बंदी, प्रेसमध्ये कापूस मोकळा करणारे यंत्र चालू असलेल्या भागात स्त्रियांना कामावर ठेवण्यास मनाई, ही सारी कलमे जणू जीनचे दालन पाहूनच लिहिली आहेत. पण समोरच्या दाराने बाहेर घातलेला हंगामाचा भेद मागच्या दाराने परत आला. त्याच वर्षी झालेल्या राज्य विमा कायद्याने हंगामी कारखाने वगळले, आणि वगळलेल्या धंद्यांत कापसाचे जिनिंग होते. म्हणजे आजारपणाचा विमा त्या बायकांना नाही. १९५३ मध्ये औद्योगिक कलह कायद्यात कामबंदीच्या काळातील भरपाई आली, तीतून हंगामी स्वरूपाचे आणि पन्नासहून कमी कामगारांचे कारखाने सुटले. १९७२ च्या उपदान कायद्याने हंगामी कामगारास एका हंगामाचे सात दिवसांचे वेतन, एवढा हिशेब मान्य केला. तोच कायदा बारमाही नोकरास वर्षाला पंधरा दिवस देत असे. प्रत्येक वेळी तर्क एकच : काम अखंड नाही, म्हणून जबाबदारीही अखंड नाही. पण जीनची तीच बाई पावसाळ्यात निंदणी करते, आश्विन-कार्तिकात वेचणी करते आणि मग जीनमध्ये उभी राहते. तिचे श्रम अखंडच असतात, तिचे मालक तेवढे बदलतात.

सरकार स्वतः मालक होते तेव्हा काय घडले, याकडेही अभ्यासकांनी पाहावयास हवे. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडभर खडी फोडण्याची व रस्त्यांची कामे निघाली. दुष्काळसंहितेत धान्याच्या भावाशी जोडलेली मजुरी, सुट्टीच्या दिवसाचा आधार, कामावर आलेल्या माणसांच्या लहान मुलांची तरतूद, पाण्याची व औषधाची सोय, हे सर्व लिहिलेले होते. काम कमी झाले तर मजुरी कापण्याचे कलमही होते. सालदारीपेक्षा ही नियमावली रुक्ष, पण लेखी होती. पुढे १९७२ च्या दुष्काळात, याच जिल्ह्यातील गहुली गावचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, महाराष्ट्रात रोजगार हमीचे काम विस्तारले आणि १९७७ साली तिचा अधिनियम झाला. कामावर सावली, पिण्याचे पाणी, प्रथमोपचार, मुलांना सांभाळण्याची सोय या त्यातील अटी दुष्काळसंहितेच्या वारसदार आहेत. हमीचा प्रत्यक्ष लाभ किती झाला तो वेगळा विषय. येथे महत्त्वाचे हे की, हजेरीपटावर मजुराचे स्वतःचे नाव आले.

खाजगी शेतावर ते आले नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या अनुसूचीत शेतीचा समावेश होता. वेतनाचे दर ठरतात, राजपत्रात छापलेही जातात. परंतु दहा एकरांचा कोरडवाहू कास्तकार स्वतःच कर्जात असतो, आणि त्याच्याकडून वही, पावती, सुट्टीचा हिशेब यांची अपेक्षा करणे त्याला थट्टेसारखे वाटते. ही अडचण खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. सालदारही आता कमी झाले आहेत. साल धरण्यापेक्षा रोजीने किंवा एकराच्या ठेक्याने काम घेणे दोघांनाही परवडते. त्याबरोबर उचल गेली, बोजारा गेला, आणि मालकाच्या डोक्यावर असलेला गावाचा डोळाही गेला. रूढीची जबाबदारी सुटली आणि कायद्याची आली नाही, अशा मधल्या जागेत जिल्ह्यातील शेतमजूर उभा राहिला.

त्या मधल्या जागेची किंमत २०१७ साली उघड झाली. त्या वर्षी जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत कापसावर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसच्या आसपास माणसे दगावली आणि शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. पुष्कळांवर यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात उपचार झाले. मृतांत कास्तकारही होते आणि रोजीने फवारणी करणारे मजूरही. पीक त्या वर्षी डोक्याएवढे वाढलेले, हवा दमट, पंपाचा फवारा जोरदार, औषधे दोन-तीन एकत्र मिसळलेली, आणि तोंडावर फार तर एक दुपट्टा. अशा शेतात मनुष्य फवाऱ्याच्या ढगातून चालतो.

नियम नव्हते असे नाही. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालील १९७१ च्या नियमांत अशा कामातील माणसांची वैद्यकीय तपासणी, संरक्षक कपडे, श्वासासाठी मुखवटा, प्रथमोपचार व उतारा यांचा साठा, आणि सावधगिरीचे शिक्षण, या सर्वांचा उल्लेख आहे. त्या शिक्षणाची जबाबदारी उत्पादक व वितरक यांच्यावर टाकलेली आहे. नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदाही होता. पण त्याच्या अनुसूचीत शेती आली ती ट्रॅक्टरासारख्या, यंत्रशक्तीने चालणाऱ्या साधनांनी केलेली. पाठीवर हातपंप घेतलेला मजूर तीत बसतो का, हे सांगावयाचे कोणी, आणि भरपाईचा दावा लावावयाचा तर तो कोणावर? ज्याने रोज देऊन बोलावले त्याच्यावर, ज्याने औषध विकले त्याच्यावर, की ज्याने ते तयार केले त्याच्यावर? राज्य शासनाने चौकशीसाठी विशेष पथक नेमले आणि मृतांच्या वारसांस प्रत्येकी दोन लाख रुपयांचे साहाय्य जाहीर केले. ती रक्कम सरकारी तिजोरीतील होती.